काकांचा स्पेक्ट्रम प्लस: कीबोर्ड आधी, रॉम नंतर, आणि मूळ चिपला हात नको

देवगडहून एका मित्राने विचारलंय, प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. गावच्या घराची कौलं उतरवताना माळ्यावर काकांचा स्पेक्ट्रम प्लस (सिंक्लेअर कंपनीचा जुना होम कॉम्प्युटर) सापडला, तोच जो आपल्याकडे १९८६ च्या सुमारास डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने लायसन्स घेऊन विकला होता. टीव्हीला लावला तर सिंक्लेअरची १९८२ ची कॉपीराइटची ओळ नीट येते पण निम्म्याच्या वर बटणं मेलेली. त्याला आता आतला कीबोर्ड काढून मेकॅनिकल स्विचचा बसवायचाय आणि उघडलाच आहे तर मूळ रॉम (मशीनचा कायमचा प्रोग्राम असलेली चिप) उपटून त्या जागी स्वतःची ईप्रॉमही (आपल्याला हवा तो प्रोग्राम लिहिता येतो अशी चिप) टाकायची आहे, दोन्ही एकदम करून टाकू का असं विचारतोय.

एकदम नको. आणि रॉम उपटायची तर अजिबात नको, निदान हे उत्तर पुरं वाचेपर्यंत तरी.

मी मालवणात तीसेक वर्षं रिपेअरिंग करतोय, आधी टीव्ही-व्हीसीआर, आणि गेली काही वर्षं असे जुने होम कॉम्प्युटर जास्त. माझ्याकडे मशीन येतं तेव्हा माणूस एकच सांगतो, बटणां चलनत नाय, आणि दहातल्या सात-आठ वेळा खरंच तेवढंच असतं. तुमचंही तेच दिसतंय. कॉपीराइटची ओळ येतेय ना? ती ओळ रॉमच छापते. मशीन चालू झाल्यावर झेड८० म्हणजे त्याचा प्रोसेसर पहिल्यांदा रॉममधूनच वाचायला लागतो, रॅम तपासतो, स्क्रीन पुसतो आणि मग ती ओळ येते. म्हणजे तुमची रॉम जिवंत आहे, प्रोसेसर जिवंत आहे, यूएलए (चित्र, कीबोर्ड वगैरे सांभाळणारी चिप) बऱ्यापैकी जिवंत आहे. चाळीस वर्षं माळ्यावर राहून जी चिप टिकली तिला सोल्डरिंग आयर्न लावायचं कारणच नाही.

आता कीबोर्ड. स्पेक्ट्रमची बटणं म्हणजे आत एक मेंब्रेन, प्लॅस्टिकच्या पातळ थरांवर छापलेले ट्रॅक, आणि त्यातून दोन शेपट्या निघून बोर्डावरच्या दोन कनेक्टरमध्ये जातात, एक ८ ट्रॅकची आणि एक ५ ट्रॅकची. मूळ बटणं ४०, म्हणजे ८ रांगा गुणिले ५. प्लस मॉडेलमध्ये बटणं ५८ आहेत पण ती वाढीव बटणं (डिलीट, एडिट, बाण वगैरे) आतल्या आत कॅप्स शिफ्ट किंवा सिंबल शिफ्ट आणि दुसरं एक बटण एकत्र दाबल्यासारखं करतात, म्हणून प्लसचं मेंब्रेन जास्त थरांचं आणि जास्त नाजूक. हे प्लॅस्टिक वयाने आणि उष्णतेने कडक होतं, कौलांखालच्या माळ्यावर एप्रिल-मेमध्ये काय तापतं ते तुम्हाला माहितीय, आणि मग शेपटी जिथे वाकते तिथे ट्रॅकला चीर जाते. लोक म्हणतात खाऱ्या हवेने गेलं. मेंब्रेन खाऱ्या हवेने जात नाही हो, ते उन्हाळ्याने जातं. खारी हवा खाते ती कनेक्टरच्या आतल्या पत्र्या आणि चिपचे पाय, ते पुढे सांगतो.

कुठली बटणं मेलीत ते आधी कागदावर लिहा, अंदाजाने नको, एकेक दाबून. रांगा अशा आहेत: कॅप्स शिफ्ट-झेड-एक्स-सी-व्ही, मग ए ते जी, क्यू ते टी, १ ते ५, आणि उजवीकडे ० ते ६ उलट क्रमाने, पी ते वाय उलट, एंटर-एल-के-जे-एच, आणि स्पेस-सिंबल शिफ्ट-एम-एन-बी. यातली अख्खी पाचची रांग गेली असेल तर ८ च्या शेपटीतला एक ट्रॅक गेलाय किंवा बोर्डावर त्या रांगेचा डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग (डी१ ते डी८ असे आठ आहेत). आणि जर कॅप्स शिफ्ट, ए, क्यू, १, ०, पी, एंटर, स्पेस अशी विखुरलेली आठ बटणं एकत्र गेली असतील तर ५ च्या शेपटीतला पहिला ट्रॅक गेला. एखाददुसरं सुटं बटण गेलं असेल तर मात्र मेंब्रेनच्या पोटात बिघाड.

एक अडचण येते ती सांगून ठेवतो कारण माझे यात पूर्वी तास गेलेत. कॅसेटवरून काहीही लोड करायचं तर जे दाबायचं, लोड शब्द येतो, मग सिंबल शिफ्ट धरून पी दोनदा, मग एंटर. म्हणजे पी ची रांग मेली तर तुम्ही कुठलाही टेस्ट प्रोग्राम लोडच करू शकत नाही, आणि माणसाला वाटतं टेप सॉकेट खराब आहे म्हणून तो तिकडे खोदत बसतो. पी चालत असेल तर मात्र एक ओळीची टेस्ट आहे: प्रिंट इन ६४५१० असं लूपमध्ये चालवा, क्यू ते टी ची रांग वाचली जाते, काहीच दाबलं नसताना २५५ दिसेल (नंतरच्या बोर्डांवर १९१) आणि क्यू दाबला की आकडा एकने उतरेल, डब्ल्यू दाबला की दोनने, ई ला चारने. आकडा नाचत असेल, म्हणजे बटण धरून ठेवूनही वर-खाली होत असेल, तर चीर पूर्ण नाहीये, संपर्क सुटतोय जुळतोय.

दुरुस्ती काय? शेपटीचं टोक कनेक्टरजवळ चिरलंय आणि मागे लांबी शिल्लक आहे असं असेल तर धारदार कात्रीने टोकाचे चार-पाच मिलिमीटर सरळ कापून पुन्हा आत सारा. मी अशी पुष्कळ मशीनं चालू केलीत. पण हे तात्पुरतं, कारण उरलेली शेपटीही तेवढीच म्हातारी आहे. सिल्व्हर पेंटने चीर जोडणं त्याहून तात्पुरतं. सोल्डर तर लावूच नका, प्लॅस्टिक वितळतं. सरळ नवीन मेंब्रेन मागवा, इंग्लंडमध्ये लोक अजून नवीन बनवून विकतात, प्लसचं वेगळं आणि रबर बटणवाल्याचं वेगळं, ऑर्डर करताना ते नीट बघा. मेंब्रेन बदलताना मन खायला नको, सायकलची ट्यूब बदलतो तशी ती बदलायचीच वस्तू आहे, मशीनचं मूळपण त्याने जात नाही.

मेकॅनिकल कीबोर्डची हौस असेल तर ती पण करा, फक्त काकांची केस कापू नका, वेगळ्या पेटीत करा. ४० स्विच, ८ आणि ५ ची मॅट्रिक्स म्हणजे आडव्या-उभ्या वायरींची जाळी, वायरिंग सोपं आहे, एका संध्याकाळी होतं. एकच ठिकाणी लोक हमखास चुकतात. स्पेक्ट्रमच्या मॅट्रिक्सला प्रत्येक बटणामागे डायोड नाही, फक्त रांगेला आहे, त्यामुळे चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली की चौथं पण दाबल्यासारखं दिसतं. म्हणून हुशार मुलगा प्रत्येक स्विचला एकेक १एन४१४८ डायोड लावतो आणि मग म्हणतो आता कुठलंच बटण नीट लागत नाही. कारण बघा, बोर्डावरच्या डायोडवर सुमारे ०.६ व्होल्ट पडतात, तुम्ही लावलेल्यावर आणखी ०.६, झाले १.२, आणि टीटीएल जातीच्या लॉजिक चिपांच्या हिशेबाने ०.८ च्या खाली गेलं तरच ते शून्य धरायचं. डायोड लावायचेच असतील तर शॉटकी लावा, त्यांच्यावर ०.२-०.३ च पडतात, पट्टीवालं टोक ८ च्या बाजूला. टायपिंग आणि साध्या गेमसाठी डायोड नसले तरी काही बिघडत नाही.

आता रॉम, ज्यासाठी तुम्ही खरं तर विचारलंत.

स्पेक्ट्रम बनवणाऱ्यांनी एक फार चांगली गोष्ट करून ठेवलीय जी आपण वापरत नाही. रॉमची सिलेक्ट लाइन (रॉमने बोलायचं की गप्प बसायचं ते सांगणारी वायर) यूएलएकडून थेट रॉमवर जात नाही, मध्ये ६८० ओहमचा रेझिस्टर आहे, आणि तीच लाइन मागच्या एज कनेक्टरवर, म्हणजे बोर्डाच्या कडेच्या उघड्या पत्र्यांवर, पण काढलेली आहे. बाहेरून तिला ५ व्होल्ट दिले की आतली रॉम गप्प बसते आणि तुमची बाहेरची रॉम बोलायला लागते. १९८३ चा सिंक्लेअरचा स्वतःचा इंटरफेस २ यावरच चालायचा, कार्ट्रिज खुपसली की गेम सुरू. म्हणजे रॉम बदलायची कंपनीची स्वतःची वाट मागून आहे, पोट फाडून नाही. एका छोट्या बोर्डावर ईप्रॉम, एक-दोन लॉजिक चिप आणि ५६ पिनांचा एज कनेक्टर, एवढ्यात डायग्नोस्टिक म्हणजे बिघाड शोधणारी रॉम असो की तुमची स्वतःची, सगळं चालतं, काढलं की काकांचं मशीन जसंच्या तसं. एज कनेक्टर लावताना-काढताना मात्र वीज बंद म्हणजे बंद, चालू मशीनमध्ये एक पत्री जरी सरकली तरी झेड८० किंवा यूएलए जाऊ शकतो, आणि यूएलए आज सहज मिळत नाही.

आपल्याकडे एज कनेक्टर आधी साफ करावा लागतो. माझ्याकडे वेंगुर्ल्याहून आलेल्या एका मशीनच्या मागच्या फटीत कुंभारीण माशीने मातीचं अख्खं घर बांधलेलं, टेपच्या सॉकेटात पण. ती माती ओली करून काढू नका, तिच्यात ओल धरून राहिलेली असते, बांबूच्या काडीने कोरडीच खरवडायची, मग शाळेचा साधा खोडरबर पत्र्यांवरून हलका फिरवायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. पॉलिश पेपर नको.

तरीही आत ईप्रॉम बसवायचीच असेल, आणि रॉम सॉकेटात आहे (काही बोर्डांवर असते, काहींवर थेट सोल्डर), तर ठीक आहे, हळू काढा, पाय काळे पडले असतील तर आणखी हळू. पण थेट सोल्डर असेल तर सोडून द्या. मी सुरुवातीच्या दिवसांत एक अशी रॉम पंपाने ओढून काढली होती, चिप निघाली पण तिच्याबरोबर तीन भोकांचं आतलं तांबं निघून आलं, मग दोन्ही बाजूंनी बारीक वायरी ओढत बसलो. मशीन चालू झालं पण तो बोर्ड बघितला की अजून वाईट वाटतं, कारण ती चिप चांगली होती.

ईप्रॉमचा हिशेब असा. स्पेक्ट्रमची रॉम १६ केबीची म्हणजे २७सी१२८ पुरते. पण मी २७सी२५६ सुचवतो, खालच्या अर्ध्यात मूळ रॉम आणि वरच्या अर्ध्यात तुमची, पाय नंबर २७ म्हणजे ए१४ (पत्त्याची सर्वात वरची लाइन, खालचा अर्धा की वरचा ते ती ठरवते), त्याला १० केचा रेझिस्टर ५ व्होल्टला आणि एक छोटा स्विच ग्राउंडला, स्विच जोडला की मूळ, सोडला की तुमची. पाय १ ला कायम ५ व्होल्ट. हे दोन्ही पाय सॉकेटात घालायचे नाहीत, बाहेर वाकवून घ्यायचे. आणि बोर्डावर रॉमजवळ एच आणि एन अशा खुणांचे वायरचे तुकडे दिसले तर ते हिताची आणि एनईसी या दोन कंपन्यांच्या रॉमसाठी आहेत, त्यांचे काही पाय वेगळे होते, म्हणून २० आणि २२ नंबरचे पाय तुमच्या बोर्डावर नक्की कुठे जातात ते मीटरने बघून मगच चिप बसवा, नुसत्या कुठल्यातरी चित्रावर विसंबू नका.

चिप विकत घेताना जुनी २७१२८ (मध्ये सी किंवा शेवटी ए नसलेली) टाळा, तिला लिहायला २१ व्होल्ट लागतात आणि स्वस्तातले बरेच प्रोग्रामर तेवढे देत नाहीत, ए वाल्यांना आणि सी वाल्यांना १२.५ पुरतात. २८सी२५६ दिसायला तशीच पण तिचा ए१४ पाय १ वर आहे आणि २७ वर राइट, त्यामुळे वरचं वायरिंग तिला चालणार नाही. माझी आवडती विनबाँडची डब्ल्यू२७सी५१२, प्रोग्रामरवरच पुसता येते, अतिनील दिव्याची गरज नाही, आणि चार रॉम मावतात, तिथे पाय १ हा ए१५ होतो एवढं लक्षात ठेवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका दुकानातून मी एकदा दहा चिपा आणलेल्या, वरचं नाव घासून नवीन छापलेलं होतं, चार निघाल्या कामाच्या. घेतल्या की आधी सगळ्या कोऱ्या आहेत का तपासा, लिहा, पुन्हा वाचून ताडून बघा.

खिडकीवाली ईप्रॉम असेल तर खिडकी झाका. थेट उन्हात ती साधारण आठवड्याभरात पुसली जाऊ शकते, ट्यूबलाइटखाली तीनेक वर्षांत, असं बनवणाऱ्यांच्या डेटाशीटमध्येच लिहिलेलं असतं. आपल्याकडे कागदी स्टिकर एका पावसाळ्यात सुटतं, म्हणून मी ॲल्युमिनियमचं टेप लावतो, पायांना टेकणार नाही इतकं छोटं कापून.

आता रॉममध्ये बदल काय करायचा म्हणाल तर पहिला बदल एका बाइटचा करा. मूळ रॉममध्ये एनएमआयच्या (प्रोसेसरला हातातलं काम लगेच थांबवायला लावणारा सिग्नल) रुटीनमध्ये एक चूक राहून गेलीय. पत्ता १०२ पासून ते रुटीन सुरू होतं, २३७२८ वर जो पत्ता ठेवला असेल तिथे जायचं असा त्याचा उद्देश दिसतो, पण १०९ वरची अट उलटी पडलीय, त्यामुळे तिथे शून्य असलं तरच उडी मारतं आणि मशीन रीसेट होतं. १०९ वर ३२ आहे तिथे ४० करा, झालं, एनएमआयच्या पायावर एक बटण लावून कुठलाही चालू प्रोग्राम मध्येच थांबवून आपल्या रुटीनमध्ये जाता येतं. आणि ते रुटीन ठेवायला जागा पण रॉममध्येच आहे, १४४४६ पासून १५६१५ पर्यंत ११७० बाइट नुसत्या २५५ ने भरलेल्या आहेत.

दुसरा बदल माझ्या फार जवळचा आहे. १५६१६ पासून शेवटपर्यंत ७६८ बाइट म्हणजे अक्षरं, ९६ अक्षरं, प्रत्येकाला ८ बाइट. मी लहान अक्षरांच्या जागी देवनागरी बसवलीत. आठ बाय आठच्या चौकटीत देवनागरी मावेल का असं वाटतं, पण पहिली ओळ पूर्ण भरली म्हणजे २५५ ठेवली की शेजारच्या अक्षराची शिरोरेषा आपोआप जोडली जाते, इंग्रजी अक्षरांना जी फट लागते ती आपल्याला नकोच असते. व बघा: २५५, ४, ६०, ६८, ६८, ६०, ४, ४. काना: २५५ आणि मग सात वेळा ४. लहान व्ही चा पत्ता १६३०४, तिथून आठ बाइट हे लिहायचे. मालवण हा शब्द पाच घरांत बसतो, वर मात्रा नाही, खाली उकार नाही, पहिल्यांदा तो टीव्हीवर सलग शिरोरेषेखाली उमटला तेव्हा मी बराच वेळ तसाच बघत बसलो होतो. वेलांटी आणि मात्रांचं अजून पूर्ण जमलेलं नाही, शिरोरेषा दुसऱ्या ओळीवर घेतली तर वर एकच ओळ उरते, कोणी वेगळं करून बघितलं असेल तर मला खरंच बघायचंय. आणि हे सगळं चिप जाळायच्या आधी रॅममध्ये बघता येतं, अक्षरं रॅममध्ये ठेवून २३६०६ आणि २३६०७ वर त्यांचा पत्ता (२५६ वजा करून) पोक केला म्हणजे लिहिला की झालं, चूक झाली तर बंद करून पुन्हा चालू.

रॉम खराब आहे असं वाटतं पण नसते, याचं एक उदाहरण देतो कारण आपल्या पट्ट्यात हे सारखं दिसतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं, त्यानंतर काही महिन्यांनी एका शाळेच्या कपाटातला बीबीसी मायक्रो (त्याच काळातला दुसरा एक कॉम्प्युटर) माझ्याकडे आला. १९८४ ला शाळांत कॉम्प्युटर शिकवायचा सरकारी क्लास प्रकल्प सुरू झाला तेव्हा शाळांना हे मशीन मिळालं होतं. मशीनमधला चिखल साफ करून, सप्लाय वेगळा तपासून लावलं तर बीप आली, स्क्रीनवर बीबीसी कॉम्प्युटर ३२के आणि खाली एकच शब्द, लँग्वेज आणि प्रश्नचिन्ह. शाळेचे सर म्हणाले रॉम गेली. पण या मशीनमध्ये रॉम एक नसते, ऑपरेटिंग सिस्टिमची वेगळी आणि बेसिक या प्रोग्रामिंग भाषेची वेगळी, उजव्या बाजूला ओळीने सॉकेटात, आणि ज्या अर्थी हा प्रश्न विचारतोय त्या अर्थी ऑपरेटिंग सिस्टिमची रॉम बरी आहे आणि तिला बेसिकची रॉम दिसत नाहीये. बेसिकची काढली तर पाय कोळशासारखे काळे, आणि काढतानाच एक पाय खांद्यापाशी तुटला, आत गंजून गेलेला. चिपच्या कडेचं काळं प्लॅस्टिक बारीक कानशीने तिथल्या तिथे घासलं की आतल्या पत्रीचा चकाकता ठिपका दिसतो, त्याला फ्लक्स लावून बारीक वायर सोल्डर केली, बाकीचे पाय ग्लास फायबरच्या पेनने साफ केले, आणि अख्खी चिप गोल पिनांच्या एका नवीन सॉकेटात बसवून ते सॉकेट मशीनच्या सॉकेटात. पहिल्या प्रयत्नात बेसिक आलं. चिपच्या आत काहीच झालेलं नव्हतं.

त्यामुळे देवगडच्या मित्रा, आता आगोटीच्या आधी मेंब्रेन मागवा आणि बसवा, पावसाळ्यात उघडं मशीन टेबलावर पडलेलं नको, ठेवायचं तर हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून. लोक तांदळात ठेवतात, नका ठेवू, त्याची पूड कनेक्टरमध्ये जाते आणि मुंग्या येतात. सप्लाय काकांचाच वापरताय ना ते बघा, स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात आणि पिनचा मधला भाग मायनस असतो, आजकालच्या बहुतेक अडॅप्टरना मधला प्लस असतो, तो लावला तर कीबोर्ड-रॉमचा विषयच उरणार नाही. आणि उघडल्यावर बोर्डाचा वरून एक स्वच्छ फोटो काढून टाका, इश्यू नंबर (बोर्डाची आवृत्ती) आणि रॉमच्या शेजारचे ते एच-एनचे लिंक दिसतील असा, मग रॉम सॉकेटात आहे की नाही ते बघून पुढचं वायरिंग सांगतो.